परिच्छेद सात

हत्तुरे वकील म्हणाले, नलूताई, याचिका इंग्रजीतच जाईल,
पण त्याला कळेल अशी एक मराठी प्रत मारून द्या.
समजल्याशिवाय सही करणार नाही म्हणतो.

तो समोर, स्टुलावर.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर सहा वर्षं,
भुवयांत अजून कापसाचे तंतू.
नाव खुप लियान.
पोलिसांच्या रजिस्टरात खूप लियान,
नोटिशीत खोपे लीन,
आणि ज्या कागदानं त्याचा अर्ज फेटाळला
त्यात कारण पहिलं : नावांत विसंगती.

कारण दुसरं : गाव जळाल्याची तारीख सांगता आली नाही.
तो म्हणाला होता,
मका काढून झाला होता, माळ्यावर चढवला नव्हता.

मशीनवर बोटं थांबली.
माझ्या आईला विचारा मी कधी जन्मले,
ती सांगते, गिरणीचा दुसरा भोंगा झाला होता
आणि चुलीवर अंबाडी होती.
तेवढ्यावर मला रेशनकार्ड मिळालं.

वकील समजावत होते, त्याला, की मला :
न्यायमूर्ती विचारणार नाहीत, तू खरा की खोटा.
ते बघणार, नाकारणाऱ्यानं नीट नाकारलं का.
ऐकून घेतलं का. कारण लिहिलं का.
खुप हसला, आल्यापासून पहिल्यांदा.
म्हणजे चेकिंगवाला, म्हणाला.
कपडा उलटा करून गाठी बघतो.
कोण अंग पुसणार, त्याला काय.

परिच्छेद सात.
इथं अडले.
इंग्रजीतला लांबलचक शब्द, मुळातला फ्रेंच,
वकिलांनी दोनदा उच्चारला, दोन्ही वेळा वेगळा.
‘परत न पाठवणे’ मारलं.
परत तर पार्सलही पाठवतात. फुल्या.
‘हद्दपार न करणे.’
हद्दपार गावगुंड होतात, आणि दोन वर्षांनी मिरवत येतात. फुल्या.
‘माघारी न लोटणे.’
लोटायला हात लागतात.
कुणाचे, ते वाक्यात कुठं लिहिलेलं नाही,
पण दिसतात.
तेच ठेवलं.

पोटरीवरचा व्रण जोडपत्र ‘क’, रंगीत झेरॉक्स.
नोटिशीत चौदा दिवस. आज अकरावा.
कोल्हापूरची एसटी रात्री साडेदहाला,
बांधून घेतलेली कडक भाकरी, शेंगाचटणी,
वकिलांनी पिशवीवर ‘अर्जंट’ लिहिलं, मग स्वतःच हसले.

त्यानं प्रत वाचली.
एकेक अक्षर, ओठ हलवत,
तुटलेला धागा शोधावा तशी.
सातव्या परिच्छेदाशी आला, पहिल्या फुल्यांवर बोट ठेवलं.
इथं काय होतं?

सांगितलं.

त्यानं कागद उजेडाला धरला.
चैत्रातलं सोलापूरचं ऊन, त्यातून काय लपतंय.
पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

अजून वाचता येतंय, म्हणाला.
दाट मारा.