दाढ

विमल तापकीर, वय अठ्ठावन्न,
धनकवडीत पिठाची गिरणी,
भुवयांवर अजून ज्वारीचं पीठ.
"डावी खालची दाढ काढून टाका म्याडम.
आजच्या आज."

मी आरसा घातला, टिचकी मारली,
गार हवा सोडली हिरडीवर.
काही नाही.
एक्स-रेत दाढ घट्ट बसलेली,
सातबाऱ्यावर नाव असल्यासारखी.

"आत्ता दुखतंय?"
"आत्ता कुठं. आत्ता तर बसलेय."
"मग कधी?"
"तळजाईचा चढ लागला की.
दळणाचा डबा उचलला की.
मी थांबले की तीबी थांबती.
लवंग धरली, गुण आला."
मग जरा वेळानं,
"म्हणजे, लवंग शोधायला बसले होते ना."

मी हातमोजे काढले.
दाढेला चढ कळत नाही.
दाढ गारव्याला भिते, गोडाला भिते,
रात्री उशीला डोकं टेकलं की ठणकते.
चढ ओळखणारं आत एकच,
आणि त्याला आपलं दुखणं
आपल्या नावानं सांगता येत नाही.
ते कधी जबड्याचं नाव देतं, कधी डाव्या हाताचं,
कधी पाठीतल्या दोन फऱ्यांमधल्या जागेचं,
कधी नुसतं दमल्याचं.

"छातीत काही?"
"छातीत नाही हो.
छातीत जरा दाबल्यागत होतं, ते पित्त."

माझ्या वडिलांचंही पित्तच होतं.
रविवार पेठेतलं दुकान बंद करून येताना
रोज एक सोडा.
ढेकर आला की जिना चढायचे.
एका मंगळवारी ढेकर आला
आणि जिना तसाच राहिला.
मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला,
दातांच्या मुळांची नावं पाठ करत.

रिक्षा बोलावली. चिठ्ठीवर लिहिलं:
दात निर्दोष. ईसीजी आत्ता. चालू देऊ नये.
ती चिडली,
"आले दाढेसाठी, अन् तुम्ही हे काय!
तिकडं तीन डबे नंबर लावून बसलेत."

महिन्याभरानं मुलगा आला,
पिशवीत दोन किलो भाजणी.
"एक नळी जवळजवळ बंद होती म्हणाले.
जाळी बसवलीय.
आईनं डॉक्टरांना विचारलं,
कितव्या नंबरची? गव्हाची का बाजरीची?
आणि तुम्हाला विचारायला सांगितलंय,
न काढलेल्या दाढेचे किती?"

तपासणीचे दीडशे घेतले.

रात्री दवाखाना बंद करून
जिना उतरले,
आणि कुणी बघत नाही हे पाहून
पुन्हा वर चढले, भरभर,
जबड्याकडे कान देऊन.