चार चॅनलचा डबा

सीताबर्डीत जिन्याखाली बोपच्यांचं दुकान.
त्यांच्या कूलरसमोर उभी राहून मी ऐकते आहे
चार चॅनल, आठ चॅनल, एक टीबी, दोन टीबी.
"किती पोट्टे आहेत तुमच्याकडे, मॅडम?"
तेवीस. मंगळवारी चोवीस.
"मग आठवालाच घ्या. पोट्टे वाढतेच."

मी का आले, ते त्यांना सांगितलं नाही.
शार्वीच्या दंडावर दातांची चंद्रकोर उमटली होती,
आठ खुणा, खालच्या जरा तिरप्या.
तिची आई म्हणाली, आरोप नाही करत, फक्त दाखवा.
दाखवायला माझ्याकडे काय होतं?
देवकाबाई होती.
अकरा वर्षांपासून ती दात ओळखते.
"हा कबीरचाच हाये बाई, त्याची एक दाढ किडली ना."
पण देवकाबाई
कोणाच्याच मोबाइलवर उघडत नाही.

किती दिवसांचं ठेवायचं? पंधरा की तीस?
मग जुन्यावर नवं चढतं, आपोआप,
कोणाला पुसावं लागत नाही.
मी बोटांवर मोजते.
वळ तिसऱ्या दिवशी पिवळा पडतो,
आई-बाप आठव्या दिवशी भांडायला येतात,
आणि मूल संध्याकाळीच
चावणाऱ्याच्या डब्यातला शिरा खातं.
पंधरा, मी म्हणते. आणि चारच चॅनल.

कुठे कुठे, त्याचा कागद मी घरूनच आणला होता.
दार. झोपायची खोली. जेवायची पडवी. मागे टाकीपाशी.
कपडे बदलायचा कोपरा लिहून खोडला.
तिथे दुपारी, सगळे निजले की,
देवकाबाई टाचांच्या भेगांना तेल लावते.

"माइकवाला देऊ? सगळं ऐकू येते.
फरक फक्त चारशेचा."

त्या चारशे रुपयांकडे मी बराच वेळ पाहिलं.
चार वाजता मानेवाड्याचा रस्ता उन्हानं पांढरा होतो,
एकेक पोर खेळणं टाकून दाराकडे बघू लागतं
आणि देवकाबाई सांगते,
आली बरं तुही माय, चौकात पोहोचली,
सिग्नल लागून हाये.
रोज सांगते. सिग्नल साडेसहापर्यंत लाल असतो.
चौकात कोणाचीच आई नसते.
एक हिंगण्याच्या कारखान्यात, एक मेडिकलच्या वॉर्डात,
एक मिहानमध्ये कानाला हेडफोन लावून
परदेशातल्या कोणाचं तरी गाऱ्हाणं ऐकत असते.
ईशानची तर कुठेच नाही आता.
त्याच्यासाठीही सिग्नल लागतो,
फक्त चौकात आजी असते.

"बिनआवाजाचा द्या."
"वाचले चारशे," बोपचे म्हणाले, आणि बिल फाडलं.

शनिवारी त्यांचा पोरगा येऊन भिंती भोकं पाडून गेला.
डबा तापता कामा नये, पारा शेहेचाळीसवर,
म्हणून तो कूलरच्या तोंडाशी ठेवला
आणि दोन सतरंज्या
तिथून हलवाव्या लागल्या. याचं मला अजून वाईट वाटतं.

पडद्यावर चार चौकोन.
देवकाबाई एकाच चौकोनाकडे बघत राहिली.
"हे कोण होय?"
तुम्हीच.
"वरून इतका रुंद दिसते काय माहा भांग?"

सोमवारी ती डोक्यावर पदर घेऊन आली.
आता चार वाजता पडद्यावर पदरच दिसतो, ओठ नाहीत.
मग तेवीस डोकी
एकदम दाराकडे वळतात.