टेकू

वीतभर लांब, चिरलेल्या बांबूसारखा पन्हाळी,
पिवळट, जुन्या दातासारखा.
म्हणजे दातच तो. हत्तीचा.
शेजारच्या विडीवाल्या बायका म्हणायच्या,
बूट घालायची पट्टी असेल.

नान्ना ग्राफकागदावर चादरीची नक्षी भरायचे,
एका चौकोनाला एक धागा.
साखर पेठेतल्या पत्र्याखाली, मे महिन्यात,
मनगटाचा घाम ओल्या लाल रंगात उतरायचा
आणि मोराची मान फुटायची.
कागदावर फुटली की मागावरही फुटते.
एका वर्षी अख्खा गठ्ठा तसा निघाला:
शंभर चादरी, शंभर मोर,
आणि पगारातून कापलेले पैसे.

मग बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात
साहेबाचं टेबल घेतलं, त्याच्या खणात हा निघाला.
नान्नांनी पालथा ठेवला, वर मनगट टेकवलं,
म्हणाले, "हं."
बावीस वर्षं त्या एका "हं"वर चालली.

परवा पुण्याहून एक जाणकार आला.
भिंग लावून म्हणाला, चिनी पंडिताच्या मेजावरचा.
कुंचल्याने लिहिताना
बाही ओल्या शाईत लोळू नये म्हणून.
किती येतील? आईने विचारलं.
काही नाही, विकताच येत नाही, कायदा आहे.
चहा अर्धाच पिऊन गेला.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे.
हा तिसराच, टेकायचा.
हत्तीला कोणी विचारलं नव्हतं.

रात्री उताणा करून पाहिला.
जी बाजू कायम कागदाकडे, अंधारात,
तिथेच सगळं कोरीवकाम:
कडे, धुकं, वाकडं सुचीचं झाड,
झाडाखाली तांदळाएवढा म्हातारा,
मागे ओझं घेतलेला पोरगा.
कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही.
म्हाताऱ्याच्या बाहीच्या चुणीत मात्र
लाल रंग वाळून बसलाय.
तो चिनी नाही. तो आमच्या चादरीचा.

आई ब्रश घेऊन आली घासायला.
राहू दे, म्हटलं.

आता नक्षी मी भरते, संगणकावर.
घामाने पडद्यावरचा मोर फुटत नाही.
तरी सवयीने टेकू पुढ्यात ओढला.
बसेना.
झीज सगळी उजव्या मनगटाची.
मी डावखुरी.