कुपीवरचा चौकोन

फिकट असेल तोवर चालते.
गोलाच्या आत एक बारका चौकोन,
झळ लागेल तसा गडद होत जातो,
गोलाइतका झाला की लस फेकायची.
एवढं ठुगीबाईला सांगायला
माझी शिंदखेड्याची अहिराणी, तिची पावरी,
आणि मध्ये बिजली, आमची आशा,
जी माझं अर्धं वाक्य गिळते
आणि पुढचं आपल्या मनाचं सांगते.

आमलीपाण्याला गाडी जात नाही.
धडगाव सोडलं की थोडं डांबर, मग खडी,
मग नुसता उतार.
पेटीचा पट्टा खांद्यात रुतलेला.
वैशाखातल्या त्या सगळ्या डोंगरात
माझ्या पेटीइतकं गार काहीच नव्हतं.
हात लावून बघायला पोरं मागं मागं आली,
सुई म्हटल्यावर मोहाआड गेली.

ठुगीबाई म्हणाली,
तुझ्याआधीची आली होती. चष्मेवाली.
नाव नाही सांगितलं तिनं.
थोरल्या नातवाच्या मांडीत टोचलं,
कागद दिला, गेली.
रात्री पोर भाजून निघालं.
विस्तवाजवळ धरून पाहिला कागद,
कागद काही बोलला नाही.

ताप येतोच, चांगलं लक्षण आहे ते,
हे प्रशिक्षणातलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.
तिथंच राहिलं.
ती तापाबद्दल विचारतच नव्हती.

मग तिनं कुपी बोटांत धरली,
उजेडाकडे फिरवली,
मोहाची पहिली धार बघावी तशी बघितली,
आणि बिजलीला काहीतरी म्हणाली.
बिजली हसली, सांगेना.
फार आग्रह केल्यावर म्हणाली :
विचारते आहे, माणसाला का नसतो असा चौकोन?
इथवर चढून येईस्तोवर
आतलं बिघडलं की नाही, कळलं असतं.

धाकटा नातू, दिल्या.
वय : दिवाळीच्या आधी दोन बाजार, त्याला आता दुसरा उन्हाळा.
माझ्या वहीत तो नव्हताच.
जन्मला बारडोलीकडे, उसाच्या फडात.
तिकडच्या वहीत लिहिलं, की हे इकडचे.
इकडच्या वहीत लिहिलं, की स्थलांतरित.
दोन वह्यांच्या मधल्या जागेत
दीड वर्षाचा होऊन बसलेला, नाकाला शेंबूड,
हातात माझ्या पेनाचं टोपण.

गोवराची कुपी पाच लेकरांची.
एकदा फोडली की चार तास.
एकासाठी फोडू नये असं कुठंच लिहिलेलं नाही,
पण महिनाअखेरीला 'वाया'च्या रकान्यावर
साहेबांचं बोट थांबतं.
फोडली.
दिल्या असा ओरडला की कोंबड्या छपरावर गेल्या.

चार तास आम्ही वाट पाहिली.
खालच्या पाड्यावरून दोघी आल्या, लेकरं पाठीला बांधून.
वेस्तीच्या घराचं दार लोटलेलं ते लोटलेलंच.
आत कोणीतरी खोकत होतं.
उरलेले दोन डोस मी वाया लिहिले.

पाचची बस मी जाऊ दिली.
घरी कळवायला रेंज नव्हती,
बिजलीचा नवरा टेकडीवर चढून निरोप देऊन आला,
काय दिला कोण जाणे.
रात्री दिल्या तापला.
गोळीचा चतकोर चमच्यात चुरला, पाणी घातलं.
ठुगीबाई पेटीतला बर्फ मागू लागली,
मी म्हटलं बर्फ नको, कोमट फडकं.
ती रागावली. पण दिलं फडकं.
आम्ही दोघी आळीपाळीनं त्याच्या कपाळाला हात लावत राहिलो.
बिजली झोपली होती,
त्यामुळे बोलणं काहीच झालं नाही.

पहाटे घाम सुटला त्याला.
ठुगीबाईनं दोन बोटं त्याच्या मानेखाली घातली,
मग तीच ओली बोटं माझ्या कपाळावर टेकवली,
थोडा वेळ ठेवली.
काय वाचलं तिनं, मी विचारलं नाही.

निघताना भाकरी बांधून दिली
आणि बिजलीकरवी बजावलं :
गुरुवारी येत जाऊ नको.
गुरुवारी बाजार असतो, पाड्यावर राहतं कोण?
अकरा वर्षं आमचा तक्ता गुरुवारचा आहे.
मी वहीत पेन्सिलीनं 'मंगळवार' लिहिलं,
खाली दिल्याचं नाव,
आणि वेस्तीच्या घरासमोर
जागा कोरी सोडली.