रकाना चौदा

सर्वेक्षणाला मला नेमकी आमचीच गल्ली आली.
पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र,
आणि नरसव्वा हसते, "कोण गं, आमची लावण्याच की!"

पुस्तक इंग्रजीत, सर शिकवतात मराठीत,
खोकला मात्र इथं तेलुगूत येतो.
"दग्गु," म्हणते ती, आणि पदर तोंडाशी नेते.

रकाना बारा, व्यवसाय : विडी.
तेरा, किती वर्षं?
बोटं मोजते, मग सोडून देते.
"तुझी आई लग्न करून आली, तवा माझा हात बसलेला."
चौदा, तंबाखूचं सेवन?
"छे गं! कधी तोंडाला लावली नाही."

मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात तेंदूची पानं.
बाहेर बेचाळीस अंश, आत पंखा बंद,
वाऱ्यानं उडते ना, म्हणून.
मी 'नाही'वर खूण करते.

परवा सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुसाचा काप पाहिला,
गुलाबी, जाळीदार,
मामांच्या मागावर विरलेल्या टॉवेलसारखा.
त्याला नाव नव्हतं, गल्ली नव्हती.

शेवटचं घर आमचं.
आई कोटाला हात लावत नाही,
"बोटं पिवळी आहेत," म्हणते.
एक सेमिस्टर म्हणजे किती लाख विड्या
हा हिशेब तिला पाठ आहे, मला विचारवत नाही.

चौदावा प्रश्न मी तिला विचारलाच नाही.
समासात लिहिलं : पंखा बंद.
पेन्सिलीनं.
सरांना खोडता यावं म्हणून,
की मला?