लिंगप्पाचं बोट

तलावाकडं वळताना जो चौक लागतो
तिथले ब्राँझचे दोन हात
सरकारी कागदावर दोन देशांचे आहेत.
मला विचाराल तर दोन्ही साखर पेठेतले.

मी तेव्हा चौदा वर्षांचा. राजमल्लू चिट्यालांकडं
प्लास्टर कालवायचो, घमेली धुवायचो.
ते शिल्पकार नंतर झाले. आधी त्यांचे चार माग होते.
माग विकले गेले, शेडमध्ये माती आली.

समितीला हस्तांदोलन हवं होतं.
एक हात आपला, एक त्यांचा.
त्यांचा म्हणजे कसा, कुणालाच ठाऊक नव्हतं.
राजमल्लू रात्रभर विड्या ओढत बसले
आणि सकाळी मला शेजारी धाडलं,
ज्या दारात ते स्वतः अकरा वर्षं गेले नव्हते.

लिंगप्पा आला. का आला, मला अजून कळलेलं नाही.
आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून.
एप्रिल. पत्र्याखाली जीव नकोसा.
मी दोन हात एकमेकांत बसवले, तेल चोपडलं,
वरून पांढरं ओतलं.

प्लास्टर घट्ट होताना तापतं,
आतल्या आत, चुलीशिवाय.
वीस मिनिटं हलायचं नसतं.
राजमल्लू प्लास्टरशी तेलुगूत बोलत होते,
माझ्याशी मराठीत,
लिंगप्पाशी नाही.
तो पत्र्यातल्या भोकाकडं बघत होता.
एकदाच म्हणाला, "चटका बसतोय."
"मलापण."

साचा उघडला तर एक तर्जनी अर्धीच,
पेरापाशी संपलेली.
तीन नंबरचा माग, रात्रपाळी, पट्टा.
माग कुणाचे होते हे मी वर सांगितलंय.

समितीचे साहेब म्हणाले, पाहुण्यांसमोर
तुटकं बोट बरं दिसत नाही.
राजमल्लू भांडकुदळ माणूस. त्या दिवशी भांडले नाहीत.
मेण घेतलं
आणि तेवढंच एक पेर सतरा दिवस करत राहिले.
नख. नखाच्या मुळाशी असते ती कोर.
बाकीचे हात तीन दिवसांत झाले होते.

राजदूत आले, पडदा ओढला, त्यांना चादर दिली.
भाषणांत मैत्री नऊ वेळा आली.
मी मोजत होतो, दुसरं काम नव्हतं.

आता राजमल्लू नाहीत.
हात काळपट हिरवे झालेत, कबुतरं बसतात.
ते एक पेर मात्र उजळ आहे,
रोज हात लागणाऱ्या कडीसारखं.

एकदा पहाटे दूध आणायला निघालो तेव्हा दिसलं:
लिंगप्पा, पंच्याहत्तरीचा, कठड्यावर चढलेला,
आपलं उरलेलं बोट
त्या बोटाला लावून बघत होता,
लांबी जुळते का.