सत्तेचाळीस नंबर

मार्केट यार्डात अण्णा हळकुंड मोडून बघायचे.
कट् आवाज, आणि आतला गाभा उन्हात.
राजापुरी की सेलम, जुनं की नवं,
एका नजरेत भाव ठरायचा.
माझ्या तळहातावर पाल आहे, लेपर्ड गेको.
ती मोडून बघता येत नाही.
आत काय ते पिल्लांच्या पाठीवर वाचायचं,
तेही दोन महिने थांबून.

थर्माकोलच्या पेटीत अंडी.
प्रत्येकावर पेन्सिलची फुली, वरची बाजू कळावी म्हणून.
अंडं उलटलं की आतला जीव बुडतो.
सव्वीस अंशांना माद्या, बत्तीसला नर.
गावभागात वीज गेली की पेटीला गोधडी गुंडाळतो,
मनात मोजतो,
एका लोडशेडिंगपायी किती नर माद्या झाले.

आई या खोलीत येत नाही.
चातुर्मासात दारावरूनसुद्धा जात नाही.
"दिवस मावळल्यावर आपण पाणी पीत नाही, सुकुमार,
आणि तू किडे चारतोस? जिवंत?"
मी म्हणतो, मी फक्त सोडतो, खातात त्या.
हे उत्तर मलाही पटलेलं नाही.
डब्यात रातकिडे गाजराच्या चकतीवर बसून
गात असतात.

नारिंगीसाठी पाच पिढ्या लावल्या.
ठिपके पुसत आणले, एकेक.
बापाला लेकीशी लावलं.
वहीत ती नुसती तिरकी रेघ आहे.
तोंडानं सांगायची वेळ आली की
मी पावसापाण्याचं विचारतो.

मग सत्तेचाळीस नंबर निघाली.
वाळत घातलेल्या हळदीवर
कुणी शाईचा टाक झटकावा, तशी पाठ.
शेपूट पांढरीफेक.
पुण्याहून फोन : अठरा हजार, व्हिडिओ टाका.

आणि रातकिडा पुढ्यात असताना
ती मान वाकडी करून आढ्याकडं बघायची,
मग स्वतःभोवती गोल,
डावीकडं, परत डावीकडं,
भोवळ उतरेपर्यंत.
तिच्या बापाचीही मान जरा कलायची.
मी त्याला ऐट म्हणत होतो.

व्हिडिओ काढला, ती निजलेली असताना.
अजून पाठवलेला नाही.
खोडलेलाही नाही.

काल रात्री आई उंबऱ्यात येऊन उभी.
माझ्या चिमट्यात रातकिडा, पाय झाडत.
मी हात मागं घेतला.
"हीच का ती फिरणारी?"
हीच.
बराच वेळ ती काचेकडं बघत राहिली.
"दे तिला. उपाशी नको ठेवू," म्हणाली,
आणि तोंड फिरवलं.

मी म्हणालो, ही जोडी आता पुन्हा लावणार नाही.

तेवढ्यात ट्यूबलाइटमागची पाल चुकचुकली,
घरचीच, मातकट, कुणी न निवडलेली.
आईनं सवयीनं उंबऱ्यावर बोट वाजवलं.
साक्ष होती की शंका,
दोघांनीही विचारलं नाही.

नंतर वही उघडून बसलो.
पेन सापडेना.